बाजाराचा वार



इतिहासावर बोलायला आपण एका होमिओपॅथीच्या डॉक्टरला बोलावलेत याचे आश्चर्य आपल्यापेक्षा मलाच अधिक आहे. माझी पदवी बी.एच.एम.एस.ची. पण चिंताकीसारख्या गावात पस्तीस-चाळीस वर्षे दवाखाना चालवला की एका विषयाचा अभ्यास न करताही होतो. तो विषय म्हणजे बाजाराचा वार. एरवीच्या दिवशी माझ्याकडे गावचे पेशंट येतात. बाजाराच्या दिवशी मुलूख येतो. एकजण मराठीत पोट दुखते म्हणून सांगतो, दुसरा कानडीत, तिसरी बाई तेलुगूत, आणि बाकावर बसलेला लमाण म्हातारा तिघांनाही समजेल अशा दख्खनीत माझ्या औषधाच्या गोड गोळ्यांची थट्टा करतो. औराद तालुका कर्नाटकाच्या अगदी उत्तर टोकाला. वर महाराष्ट्र, उगवतीला तेलंगणा. तीन राज्यांची माणसे एका बाकावर बसतात, कारण त्या दिवशी बाजार असतो. हा वार कोणी ठरवला, आणि तो इतकी वर्षे कसा टिकला, एवढाच आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो चिंताकीत नाही, जर्मनीतल्या लाइपझिग शहरात. माझी मुलगी तिकडे नोकरीला आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात तिच्याकडे गेलो, तो खरे म्हणजे हानेमानांचा पुतळा बघायला. आमच्या वैद्यकशास्त्राचे जनक सॅम्युअल हानेमान १७७५ साली विद्यार्थी म्हणून लाइपझिगला आले, भाषांतरे करून पोट भरले, आणि पुढे १८१२ पासून तिथल्याच विद्यापीठात शिकवू लागले. १८५१ मध्ये उभारलेला त्यांचा पुतळा तिथे आहे. दर्शन घेऊन परत येताना जुन्या नगरभवनासमोरच्या चौकात आलो तर पालं ठोकलेली! भाजी, चीज, मध, फुलांची रोपे, पाव. मुलगी म्हणाली, "बाबा, आज मंगळवार. इथे मंगळवारी आणि शुक्रवारी बाजार असतो."

एक बाई पांढरे जाड कोंब विकत होती. आपल्या शतावरीचा तो भाऊबंद. तिकडे त्याचा हंगाम २४ जूनला, संत योहानाच्या दिवशी, संपतो. पुढे तो काढायचा नाही असा रिवाज. बाईने वजन केले, पैसे घेतले आणि वर एक कोंब पिशवीत टाकला. मला एकदम औरादच्या बाजारातली माळवेवाली आठवली. तोलून झाल्यावर वर मूठभर मिरच्या टाकणारी. तेव्हा मी मुलीला विचारले, हा मंगळवार कधीपासूनचा? तिला सांगता येईना. मग मी वाचायला लागलो.

लाइपझिग हे बाजारावर उभे राहिलेले शहर आहे. ११६५ च्या सुमारास तिथल्या सरदाराने, ओटोने, गावाला नगराचा आणि बाजाराचा हक्क दिला. १४९७ मध्ये मॅक्सिमिलियन राजाने तिथल्या जत्रांना शाही सनद दिली, आणि १५०७ च्या सनदेत असे कलम घातले की लाइपझिगच्या भोवती पंधरा जर्मन मैलांत, म्हणजे आजच्या हिशेबाने शंभराहून अधिक किलोमीटरच्या टापूत, दुसरी अशी जत्रा भरवायची नाही. वर्षातून तीन जत्रा : नववर्षाची, ईस्टरची आणि सप्टेंबरअखेरची संत मायकेलची. जत्रेला जर्मन भाषेत 'मेसे' म्हणतात. हा शब्द चर्चमधल्या प्रार्थनेवरून आलेला आहे. लोक देवासाठी जमायचे आणि प्रार्थना आटोपली की देवळाबाहेर सौदे व्हायचे. यात आपल्याला नवल वाटायचे कारण नाही. माळेगावची यात्रा खंडोबाची, आणि तिथे घोडे, गाढवे, उंट विकले जातात तेही खंडोबाच्याच साक्षीने.

त्या शहरातले जुने वाडेसुद्धा बाजाराच्या सोयीने बांधलेले. वाड्याचे एक दार एका रस्त्यावर, दुसरे पाठीमागच्या रस्त्यावर. मालाची गाडी एकीकडून आत शिरायची, अंगणात माल उतरवायची आणि दुसरीकडून बाहेर पडायची. गाडी फिरवायला जागा लागत नसे. माझ्या लहानपणी आडत बाजारात बैलगाड्या एकमेकींत अडकून जो कल्लोळ व्हायचा तो आठवून मी त्या सुताराला मनोमन नमस्कार केला.

सनदेचा एक फटका मात्र आमच्या हानेमानांनाही बसला. ते स्वतःची औषधे स्वतः बनवून रोग्याला देत. औषध विकण्याचा हक्क आमचा, अशी तक्रार तिथल्या औषधविक्रेत्यांनी केली आणि १८२० मध्ये निकाल हानेमानांच्या विरुद्ध गेला. १८२१ मध्ये त्यांनी लाइपझिग सोडले. कोणी काय विकायचे हे जिथे कागद ठरवतो, तिथे कागद एखाद्याला हाकलूही शकतो. हे वाक्य आपण लक्षात ठेवावे. पुढे मला त्याची गरज पडणार आहे.

आता त्या लाइपझिगहून आपल्या मुलखात येऊ, आणि त्यासाठी आपल्याला वाटाड्या मिळतो तोही युरोपातलाच. रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितिन १४७० च्या आसपास बिदरला आला. लाइपझिगला शाही सनद मिळायला अजून पंचवीसेक वर्षे होती. वास्को द गामा तर त्याहूनही पुढचा. निकितिन होर्मुझहून जहाजाने चौलला उतरला. बरोबर विकायला एक घोडा. जुन्नरला पोहोचला तर तिथल्या खानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडा परत देईन, वर मोहराही देईन, असे सांगितले. एका खुरासाणी गृहस्थाने रदबदली केली आणि घोडाही परत मिळाला, धर्मही राहिला. तोच घोडा निकितिनने पुढे बिदरला विकला. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे, आणि आपल्यापैकी वयाने मोठ्या मंडळींना १९५७ चा 'परदेसी' हा हिंदी चित्रपट आठवत असेल, तो याच निकितिनवरचा.

त्या वेळी बिदर ही बहमनी सुलतानांची राजधानी होती आणि कारभार होता ख्वाजा महमूद गवान यांच्या हाती. गवान इराणातल्या गीलानहून आले ते व्यापारी म्हणून. वजीर झाल्यावरही त्यांची पदवी होती मलिक-उत-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा. १४७२ मध्ये त्यांनी बांधलेला मदरसा आजही बिदरला उभा आहे, तिथून थोड्याच अंतरावर चौबारा, जुन्या शहराचे चार रस्ते मिळतात तिथला गोल बुरूज. निकितिनने या शहरात घोडे, रेशीम, जरीचे कापड विकले जाताना पाहिले आणि माणसे विकली जातानाही पाहिली. आपल्या बाजाराच्या इतिहासात हेही आहे. ते गाळून पुढे जाता येत नाही. निकितिनची स्वतःची तक्रार मात्र अस्सल व्यापाऱ्याची होती. सोबत्यांनी इकडे माल खूप मिळतो म्हणून सांगितले, आणि येऊन बघतो तर रशियाला न्यावे असे काहीच नाही!

पण त्याने सर्वांत मोठा बाजार पाहिला तो आळंदचा. आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले आळंद. तिथे शेख अलाउद्दीन अन्सारी, ज्यांना आपण लाडले मशायख म्हणून ओळखतो, त्यांचा दर्गा आहे. निकितिन सांगतो की या शेखच्या नावाने वर्षातून एकदा बाजार भरतो, दहा दिवस चालतो, सगळ्या मुलखातून लोक येतात आणि वीस हजारांपर्यंत घोडे विकायला येतात. हिंदुस्थानात याच्यासारखा बाजार नाही असा त्याचा अभिप्राय. दख्खनमध्ये चांगली घोड्यांची पैदास होत नसे; घोडे अरबस्तान-इराणातून समुद्रमार्गे येत, म्हणून घोड्याला सोन्याचा भाव. हा बाजार त्याच्या देशातल्या ऑक्टोबरच्या आरंभीच्या सणाला भरतो, असेही तो नोंदवतो. लाइपझिगची संत मायकेलची जत्रा सप्टेंबरअखेरीची. म्हणजे पावसाळा उतरून वाटा कोरड्या झाल्या की आळंदला, आणि हिवाळ्याने वाटा बंद व्हायच्या आत लाइपझिगला. एकीकडे शेख, दुसरीकडे संत. दोन्ही बाजारांचा दिवस ऋतूने आणि श्रद्धेने ठरवला. राजाची सनद आली ती नंतर.

निकितिन घरी पोहोचला नाही. स्मोलेन्स्कच्या आसपास वाटेतच वारला. त्याच्या प्रवासवर्णनात एक गंमत आहे. रशियन लिहिता लिहिता तो मधेच तुर्की-फारसी मिसळीत शिरतो आणि शेवटची प्रार्थनासुद्धा त्या मिसळीतच करतो. ही बाजाराची बोली. आपणही ती रोज बोलतो. बाजार, दुकान, नफा फारसी-अरबीतून आले, दलालही. शेट हा श्रेष्ठी. कानडीत दुकानाला अंगडी म्हणतात आणि आठवडी बाजाराला संते, तेलुगूत संत. माझ्या बाकावरचा लमाण ज्या दख्खनीत बोलतो तिला जन्म दिला तो दरबाराने थोडा आणि बाजाराने फार.

आळंदसारखी जत्रा वर्षातून एकदा. रोजचे मीठ-मिरची मात्र आठवडी बाजाराने पुरवली, आणि त्याची रचना बघण्यासारखी आहे. एक शेतकरी सकाळी बैलगाडी जुंपून निघेल, माल विकेल, तेल-मीठ-कापड घेईल आणि दिवेलागणीला घरी येईल, एवढ्या अंतरावर एक बाजार. शेजारच्या गावाचा वार वेगळा, त्याच्या शेजारच्याचा आणखी वेगळा. अशी पाच-सहा गावांची साखळी असते, म्हणजे फिरता व्यापारी आठवडाभर रिकामा बसत नाही आणि कुठलेही गाव दुसऱ्याचे गिऱ्हाईक तोडत नाही. लाइपझिगने पंधरा मैलांत दुसऱ्याला मनाई केली. आपल्या खेड्यांनी दुसऱ्याला दुसरा वार दिला.

आपल्याकडे सनदा नव्हत्या असे मात्र नाही. नवी पेठ वसवताना राजा कौल देई, काही वर्षे जकात माफ करी, आणि पेठेचा कारभार शेटे आणि महाजन या वतनदारांकडे असे. पण राजाने दिलेले नाव किती टिकते ते पुण्यात बघा. औरंगजेब १७०३ मध्ये पुण्यात होता तेव्हा एका पेठेला मोहियाबाद नाव मिळाले. मूर्तजाबाद होते, विसापूर होते. आज ही नावे कोणाला विचारलीत तर सांगता येणार नाहीत. राहिले ते बुधवार, शनिवार, शुक्रवार. हैदराबादला आजही जुम्मेरात बाजार आहे. बादशहाच्या नावापेक्षा वार चिवट निघाला.

या बाजाराचे व्यवहार कागदाशिवाय चालत. जनावरांच्या बाजारात, मग तो उदगीरजवळच्या हाळी-हंडरगुळीचा असो की आणखी कुठला, देवणी बैलजोडीचा सौदा रुमालाखाली होई. दलाल आणि गिऱ्हाईक हातावर रुमाल टाकून एकमेकांची बोटे धरत. एक बोट धरले तर एक, पंजा धरला तर पाच. शेकडा की हजार हे जनावराकडे बघून समजायचे. शेजारी उभ्या माणसाला भाव कळत नसे. देवणीचे वानेरा, बालंक्या, शेवरा असे प्रकार. अंगावरचे ठिपके बघून जाणता माणूस दुरून ओळखे. धान्य मापाने. चार शेरांची पायली, शेराच्या पावाचे चिपटे. मीठ आणि धान्य लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून येई; सतराव्या शतकात तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे त्यांचे तांडे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. आज औराद तालुक्यात जे तांडे वसलेले दिसतात, त्यांच्या पूर्वजांचा हा धंदा.

बाजारात सगळे समान होते असे मी म्हणणार नाही. चामड्याच्या वहाणा विकणाऱ्याची जागा कडेला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. पाणी प्यायची जागा वेगळी. उधारीवर व्याज होते, आणि ते घेणाऱ्यांत आमचे घराणेही होते. तरीही ज्या माणसाला वाड्याच्या पायरीवर उभे राहता येत नसे, त्याला बाजारात भाव करता येत होता. एवढे श्रेय बाजाराला द्यावेच लागेल.

आता आमच्या घराण्याकडे येतो. आमचे आप्पा, म्हणजे वडील, कापडाचे व्यापारी. तट्टावर गाठोडी लादून आठवड्याचे बाजार करायचे. त्यांच्या वह्यांपैकी एकच माझ्याकडे शिल्लक आहे, आणि ती नेमकी कोणत्या सालची आहे ते ऐका. आपणा सर्वांना ठाऊक आहे की १ नोव्हेंबर १९५६ ला, गुरुवारी, राज्य पुनर्रचना झाली. निजामाच्या राज्यातला बिदर जिल्हा तीन ठिकाणी वाटला गेला. अहमदपूर, उदगीर, निलंगा तेव्हाच्या मुंबई राज्यात. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात. बिदर, भालकी, हुमनाबाद आणि आपला औराद म्हैसूर राज्यात. दुसऱ्याच दिवशी, २ नोव्हेंबरला, दिवाळीचे लक्ष्मीपूजन होते. आम्हा जैनांचा तो महावीर निर्वाणाचा दिवस. आप्पांनी त्या संध्याकाळी नवी वही पूजली. पहिल्या पानावर श्री, खाली महावीराय नमः, आणि मग पुढच्या दिवाळीपर्यंतचा हिशेब, मोडी वळणाच्या अक्षरात.

मी ती वही सीमेचा शोध घेत वाचली. म्हटले, राज्य बदलले त्याची काहीतरी खूण असेल. एकही नाही. त्या वर्षात आप्पांच्या भोवती काय काय बदलले पाहा. राज्य बदलले होते. नाणे बदलत होते : निजामाचा हाली सिक्का अजून हातोहात फिरत होता आणि सात हाली म्हणजे सहा कळदार असा हिशेब वहीत जागोजागी आहे. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला आणि आप्पांनी समासात एक आणा म्हणजे सव्वासहा असे लिहून ठेवले. पुढच्या वर्षीपासून शेर जाऊन किलो येणार होता. मात्र या वहीत गावाची नावे जवळजवळ नाहीतच. सोम, बुध, शुक्र एवढेच लिहिलेले असते, कारण वार म्हटला की गाव आलेच. दिवाळीपूर्वी ज्या वारी ज्या बाजारात गेले, दिवाळीनंतर त्याच वारी त्याच बाजारात गेले. फक्त आता वाटेत राज्याची हद्द होती, आणि तट्टाला ती दिसत नव्हती.

सीमेने काहीच केले नाही असे म्हणणे मात्र खोटे ठरेल. हळूहळू विक्रीकर वेगळे झाले, नाके आले. महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा १९६३ चा, कर्नाटकाचा १९६६ चा. एकाच शेताचा माल कुठे घालायचा याचा विचार करावा लागू लागला. शाळेची भाषा बदलली. उदगीरला दिलेल्या लेकीच्या मुलांची पुस्तके वेगळी आणि औरादच्या भाच्यांची वेगळी. मुंबईचे महाराष्ट्र झाले १९६० मध्ये, म्हैसूरचे कर्नाटक १९७३ मध्ये, आणि आपल्या उगवतीचा आंध्र २०१४ मध्ये तेलंगणा झाला. या काळात आपल्या घरांमधली मराठी शाळेत थोडी आणि कचेरीत त्याहून थोडी राहिली. ती ठाम राहिली दोन जागी, एक माजघर आणि दुसरा बाजार. माजघरातली भाषा घरापुरती. बाजारात मात्र कानडी माणूसही मराठीत भाव करी आणि मराठी माणूस कानडीत पैसे मोजी. सीमाभागात आपली भाषा जगली ती केवळ आपल्या अभिमानावर जगली असे आपण मानतो. मला वाटते, तिला बाजाराने गिऱ्हाईक दिले म्हणून ती जगली.

आता मला एक कबुली द्यायची आहे. शिल्लक वही एकच का? आप्पा गेल्यावर मी जुने घर पाडून दवाखाना बांधला. माळ्यावर वह्यांची दोन पोती होती. मला जागा हवी होती. मी ती रद्दीवाल्याला घातली. किलोवर. वजनाचे पैसे मोजून घेतले तेही आठवते.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी, बाजाराच्याच दिवशी, देगलूरकडचा एक म्हातारा दवाखान्यात आला. मला वाटले पेशंट. बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "डॉक्टरसाब, तुमच्या आप्पांचं देणं राहिलंय माझ्या बापाचं. लुगड्याचं. सोळा रुपये बारा आणे. बाप जाताना सांगून गेला, मलाच यायला जमलं नाही."

मी म्हणालो, "काका, वही नाही हो माझ्याकडे. कशावरून घेऊ?"

तो म्हणाला, "तुमच्याकडं वही नसंल. आमच्याकडं ध्यान हाय की."

पैसे त्याने ठेवले आणि औषध न घेताच बाजारात निघून गेला. आणे बंद होऊनही तोवर तीस-पस्तीस वर्षे झाली होती. देणेकऱ्याच्या घरी दोन पिढ्या आकडा पाठ होता, आणि घेणेकऱ्याच्या, शिकलेल्या घरी तो किलोवर विकला गेला होता. त्या रात्री मी घर उलथेपालथे केले तेव्हा ही छपन्न सालची वही सापडली. ती वाचली कशी? मागच्या कोऱ्या पानांवर आईने लोणच्याचे आणि काळ्या मसाल्याचे प्रमाण लिहिले होते, म्हणून ती स्वयंपाकघरात होती. म्हाताऱ्याचे खाते तिच्यात नाही. ते दुसऱ्या सालचे असणार, रद्दीत गेलेल्या.

लाइपझिगच्या सनदा तिथल्या दप्तरखान्यात जपलेल्या आहेत. आपल्या बाजारांच्या सनदा या वह्या होत्या. फरक एवढाच की त्या राजाने दिलेल्या नव्हत्या. एका घराने दुसऱ्या घरावर ठेवलेल्या विश्वासाच्या होत्या. मघाशी मी म्हणालो, कागद माणसाला हाकलूही शकतो. हा कागद मात्र पन्नास-साठ गावांची माणसे एकमेकांशी बांधून ठेवणारा होता. कोणत्या गावची कोणती जात कोणत्या सणाला काय नेसत होती, दुष्काळात उधारी किती वाढली, सीमेपलीकडच्या गिऱ्हाइकाशी व्यवहार कधी तुटला, हे सगळे तिथे होते. सरकारी गॅझेटियरात ते सापडणार नाही.

आणि वार कधी मोडलाच नाही का? मोडला. मार्च २०२० मध्ये. टाळेबंदी लागली, आठवडी बाजार बंद झाले, राज्यांच्या हद्दीवर नाके बसले. १९५६ मध्ये जी रेघ नकाशावर ओढली गेली, ती आमच्या गावांनी रस्त्यावर पहिल्यांदा पाहिली ती तेव्हा. देगलूरची लेक आईच्या आजारपणाला येऊ शकली नाही. तिने मला फोनवर लक्षणे सांगितली आणि मी चिंताकीतल्या आईला गोळ्या पोहोचवल्या. बाजाराच्या दिवशी दवाखान्याचा बाक रिकामा. तेव्हा मला कळले की मी इतकी वर्षे ज्याला मुलूख म्हणत होतो तो मुलूख म्हणजे हा वारच होता. बाजार नाही तर तीन राज्ये तीन दिशांना.

बाजार पुन्हा सुरू झाला, पण पुरता भरला असे म्हणवत नाही. कापडाची पालं कमी झाली. शहरात गेलेली मुले गावातल्या आईवडिलांसाठी फोनवरून माल मागवतात आणि तो घरपोच येतो. मी त्याला दोष देत नाही; माझ्या मुलीनेही मला बूट तसेच पाठवले. तो माल कुठल्या वाराची वाट बघत नाही. त्या व्यवहारात भाव करावा लागत नाही, म्हणून बोलावे लागत नाही, म्हणून कोणती भाषा येते हा प्रश्नच उरत नाही. आपण जुनी मराठी घराणी भाषेच्या रक्षणासाठी ठराव करतो, करावेत. पण आपल्यापैकी कितीजणांनी गेल्या महिन्यात आठवडी बाजारातून माळवे आणले? हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो.

श्रोतेहो, डॉक्टर शेवटी काहीतरी लिहून देतो, तसे मीही देतो. घरी गेल्यावर माळ्यावर बघा. जुनी खतावणी, रोजमेळ, किराण्याची यादी, काहीही असेल ते खाली उतरवा. मोडी वाचणारा माणूस शोधा, अजून आहेत. कोणत्या वारी कोणता बाजार, तिथे काय विकले, कोणाला उधार दिले, कोणत्या भाषेत नोंद केली, एवढे चार रकाने भरून या मंडळाकडे द्या. आणि घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारा की आपले कोणाचे काही देणे राहिले आहे का.

त्या सोळा रुपये बारा आण्यांचे मी काय केले, असे काहीजण विचारतात. ते मी छपन्न सालच्या वहीत, आईच्या मसाल्याच्या प्रमाणाखाली, जमा लिहिले. गावाचे नाव घातले नाही. नुसता वार लिहिला.